तू सांगितलेलं एकमेव भविष्य

ताई,

तुझी तेरवी होऊन आज पाचवा दिवस. जेवून गेलेली माणसं आपापल्या गावी पोचली. माझ्या दोन्ही मुली वडनेरला आजीजवळ परत गेल्या. मी मात्र केळझरलाच, तुझ्या वाडीतल्या खोलीत थांबले आहे. शाळेत रजेचा अर्ज पाठवला. वांगी तोडणीला आली आहेत, कोथिंबिरीला पाणी द्यावं लागतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नाही, पण खरं कारणही नाही. खरं कारण असं, की आठ वर्षं मला तुझ्याशी बोलायला वेळ झाला नाही.

बघ, इथंही मी स्वतःला सांभाळूनच लिहिते आहे. वेळ झाला नाही असं नव्हतं. मी बोलत नव्हते.

त्याआधी आपण किती भांडायचो! भांडायला आपल्याला एकटा शनी पुरायचा. मी मॅट्रिक होऊन, ट्रेनिंग करून मास्तरीण झालेली. तू सातवीतून शाळा सोडून बापूंबरोबर भाजीच्या टोपल्या सेलूच्या बाजाराला नेणारी. मी मुद्दाम शाळेतल्या भाषेत म्हणायचे, "ताई, शनी कोट्यवधी मैल लांब आहे. तिथून तो आपल्याला काय छळणार?" तू मिरच्यांचे देठ खुडता खुडता म्हणायचीस, "दूर हाये तेच बरं हाये बाई. जवळच्याईनं काय कमी छळलं?"

तुला मंगळ होता ना. सातव्या घरात. तीन स्थळं आली आणि तीन मोडली. तिसऱ्या वेळी तर साडी घेऊन झाली होती, सोयऱ्यांना निरोप गेले होते, आणि मग त्यांच्याकडून एक माणूस सायकलवर चिठ्ठी घेऊन आला. बापूंनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. मायनं विचारलंही नाही. त्यानंतर तुझ्यासाठी कुणी कुठं शब्द टाकला नाही. मी नऊ वर्षांनी लहान. माझं लग्न झालं, आणि माझ्या लग्नात तू पाहुण्यांना पाणी देत फिरलीस. हळद लावायला मात्र तुला कुणी पुढं बोलावलं नाही. मीही नाही.

टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या जोशी आजोबांकडे तू भाजी द्यायला जायचीस. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, घरात दुसरं माणूस नव्हतं. एक दिवस त्यांनी तुला पंचांग वाचून दाखवायला सांगितलं. मग रोजच. लोक पत्रिका घेऊन आले की तू घरं वाचायचीस आणि ते सांगायचे. असं चार वर्षं चाललं. गावात कुजबूज झालीच: कुणब्याची पोरगी, त्यात बाई, त्यात मंगळाची, आणि जोश्याच्या ओसरीवर बसून पत्रिका वाचते. आजोबांनी ऐकलं आणि म्हणाले, "वाच मुली, मला ऐकू कमी येतं."

एका दिवशी तू त्यांना स्वतःची पत्रिका वाचून दाखवलीस. त्यांनी जन्मवेळ विचारली. ती मायनं सांगितलेली होती, "गाई सोडायच्या वेळेले झाली." लिहिणाऱ्यानं त्याचा अंदाज बांधून घड्याळाची वेळ टाकली होती. आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "अर्धा तास इकडचा तिकडे झाला तर पूर्वेला उगवणारी रास बदलते. सगळी घरं सरकतात. मग हा मंगळ सातव्यातून उठून सहाव्यात बसतो. सहाव्यातल्या मंगळाला कोणी विचारत नाही."

मी माहेरी आले तेव्हा तू मला हे विहिरीजवळ उभं राहून सांगितलंस. अगदी साध्या आवाजात, जणू कुणाचं तरी वासरू हरवून सापडलं. मीच रडायला लागले.

"मंग मायले सांग ना!"

"काय सांगू? वेळ तिनंच सांगितली होती. तिच्या जिवाले लागन."

"मंग हे सारं खोटंच हाये. सोडून दे ते पंचांग."

"खोटं नाई, नलू. वेळ चुकली. अंदाजानं कोणाचं आयुष्य लिहू नाई, एवढं मी त्याच्यातून शिकली."

एवढं बोलून तू तोंड धुवायला म्हणून विहिरीच्या पलीकडे गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. मी तुझ्यामागं आले नाही. यायला हवं होतं.

जोशी आजोबा गेल्यावर बाया तुझ्याकडे यायला लागल्या. मी सुटीत आले की ओसरीच्या कोपऱ्यात बसून पाहायचे. तू पत्रिका उघडायचीस, पुष्कळ वेळ बघायचीस, मग बाजूला ठेवून विचारायचीस, "आता सांग, काय होऊन राह्यलं?" आणि ऐकत बसायचीस. पुढं काय होणार ते तू कुणालाच सांगितलं नाहीस. कुणी हट्ट धरला तर म्हणायचीस, "शनी एका राशीत अडीच वर्षं राह्यते. कोणताच ग्रह कोणाच्या घरी मुक्कामाले नाई येत. सारे वाटसरू हायेत. तवरक तू काय करशीन ते बोल."

एकीला नवरा मारायचा. तिला तू उपाय दिलास: माहेरच्या मारुतीला ओळीनं तेरा शनिवार पाणी घालायचं, एकही चुकता कामा नये, आणि मधल्या दिवसांत सासरचं अन्न चालत नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, ही फसवणूक आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. "मी सांगितलं तर तिचा सासरा तिले तीन महिने माहेरी पाठवन काय? शनीनं सांगितलं म्हून पाठवते."

माझी धाकटी झाली तेव्हा, दुसरीही मुलगीच म्हणून घर महिनाभर गप्प होतं. तू बाळंतविडा घेऊन आलीस आणि माझ्या खाटेशी बसून म्हणालीस, "ग्रह वक्री होते म्हंतात ना, तवा तो मांगं जातच नाई. इथून पाहणाऱ्याले तसा दिसते." मी भूगोल शिकवते, मला ते ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा समजलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. वाद हरल्यासारखं झालं असतं.

आता त्या वर्षाचं लिहिते. लिहायलाच हवं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळी झाली होती. माझे मालक मधुकरराव हिंगणघाटला जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आणि कापसाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. ते थकायला लागले. जेवणाचा वास नको म्हणायचे. मी त्यांना घेऊन तुझ्याकडे आले आणि लाल कापडात बांधलेली त्यांची पत्रिकाही आणली. तू त्यांना अंगणात उन्हात उभं केलंस, बोटानं खालची पापणी ओढून पाहिलीस, मग पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिलास. मी पत्रिका पुढं केली तर तू हात मागं घेतलास.

"उद्याच्या उद्या याईले वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ने."

"आधी पाह्य तर."

"नाई पाहत."

"काऊन?"

"दवाखान्यात ने, नलू. अजून मी काई नाई सांगत."

मी पत्रिका तुझ्या खाटेवर ठेवली, पाहशील तेव्हा पाहा म्हटलं, आणि निघाले. एस.टी.त बसल्यावर मी तुझा मागं घेतलेला हात आठवत राहिले. ताईनं पत्रिका न उघडताच काहीतरी ओळखलं, असं मला वाटलं. मरण ओळखलं. आणि ज्याला मरण दिसलं त्याचं मला ऐकायचं नव्हतं. मला जगणं दिसणारा कुणीतरी हवा होता.

तो सासूबाईंनी आणला. पत्रिका तुझ्याकडेच होती, म्हणून त्यांच्या माहेरच्या जोश्यानं नावावरून रास काढली, सिंह रास, साडेसाती लागली आहे, चाळीस दिवस जप करा, तोवर घराचा उंबरठा ओलांडू नका. शिवाय काविळीची माळ घालणारा एक म्हातारा आला. काड्यांची ती माळ डोक्यावर ठेवतात आणि ती सैल होत होत गळ्यात उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. ताई, मी चौथीच्या मुलांना लिंबू आणि चेंडू घेऊन सूर्यमाला शिकवत होते आणि घरी येऊन रोज ती माळ किती उतरली ते पाहत होते. कपाळावरून कानावर, कानावरून मानेवर. मला आनंद व्हायचा. त्याच दिवसांत त्यांचे पाय सुजत होते आणि पोट वर येत होतं. ते मला दिसत नव्हतं असं नाही. मी माळेकडे बघायचे.

पस्तिसावा की छत्तिसावा दिवस असेल, तू वडनेरला आलीस. दारातूनच त्यांना पाहिलंस. सरळ सासूबाईंसमोर जाऊन बसलीस.

सासूबाई म्हणाल्या, "जप पुरा झाल्याबिगर घर सोडता येत नाई."

तू म्हणालीस, "मावशी, मी पत्रिका पाह्यली. नीट पाह्यली. आयुष्य सत्तर वर्षाचं हाये. पण गुरू फिरला. उद्या सकाळी नऊच्या आत उत्तरेले निघाव लागन. नाई निघाले तर मंग मी काई सांगत नाई."

"सत्तर?"

"सत्तर."

सासूबाई उठल्या आणि स्वतः त्यांचे कपडे पिशवीत भरायला लागल्या. मी दाराला धरून उभी होते. कधीही कुणाचं भविष्य न सांगणारी माझी बहीण भविष्य सांगत होती, आणि माझा जीव त्या सत्तरावर जाऊन बसला. वर्धा उत्तरेला आहे, हे तेव्हा माझ्या, भूगोलाच्या मास्तरणीच्या, लक्षातही आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर चिडले. "इतके दिवस काय करत होता?" मी खाली पाहिलं. तू म्हणालीस, "मी उशिरा आली, डॉक्टरसाहेब." त्यांना वाटलं, तूच घरातली कर्ती. त्यांनी तुलाच सगळं सुनावलं आणि तू ऐकून घेतलंस.

एकोणीस दिवस. त्यातल्या एकाची आठवण मी कुणाला सांगितली नाही, आज तुला सांगते, कारण तू तिथं होतीस आणि तरी तुला ती पूर्ण माहीत नाही. तू त्यांचं अंग पुसत होतीस. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "ताई, खरंच सत्तर का?" तू ओलं फडकं पिळत म्हणालीस, "हो." मग तू पाणी बदलायला गेलीस आणि ते माझ्याशी बोलायला लागले. धाकटीच्या लग्नापर्यंत आपण घरावर कौलं बदलू म्हणाले. रिटायर झाल्यावर तुझ्यासारखी भाजीची वाडी करू, पण भेंडी नको, भेंडी हाताला खाजते. हसले. चौतीस वर्षं हातात असलेला माणूस जसा बोलतो तसे ते बोलत होते. त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले. छत्तीस वर्षांचे होते.

ते पाच दिवस तू त्यांना दिलेस. ह्याबद्दल मी तुझे पाय धरायला हवे होते. मी काय केलं ते गावानं पाहिलं आहे.

त्यांच्या तेरवीला, पंगत बसायच्या आधी, तू मांडवात वाकून पत्रावळी मांडत होतीस आणि मी ओरडले. "सत्तर म्हणाली होती! छत्तीस वर्षाच्या माणसाले सत्तर सांगितले हिनं! हिची पत्रिका खोटी, हिचं तोंड खोटं! मंगळीचा पाय लागला माझ्या घराले!"

मंगळीचा. तो मंगळ सहाव्यात होता हे तू जगात एकट्या मलाच सांगितलं होतंस.

तू हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्यास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. पिशवी घेतलीस आणि स्टँडकडे चालत गेलीस. कुणी तुला थांबवलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं, ताई. ते चाळीस दिवस माझ्या छातीवरून उतरून तुझ्या पाठीवर गेले, असं वाटलं. ती माळ उतरावी तसे. आणि माळेसारखंच, उतरलं काहीच नव्हतं.

माझं बोलणं केळझरपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सख्ख्या बहिणीनं खोटी म्हटलेल्या बाईकडे कोण पत्रिका दाखवणार? बाया यायच्या कमी झाल्या, मग थांबल्या. तू वांगी, मिरची, कोथिंबीर करत राहिलीस. दर संक्रांतीला एस.टी.च्या कंडक्टरजवळ वालाच्या शेंगांची पिशवी पाठवायचीस. पहिल्या वर्षी मी ती तशीच परत धाडली. पुढं ठेवून घ्यायला लागले, मुली आवडीनं खायच्या. चिठ्ठी मात्र मी एकदाही दिली नाही.

यंदा श्रावणात तुझ्या शेजारणीचं पत्र आलं. मी आले तेव्हा तू एवढीशी झाली होतीस. छातीतली गाठ तू दोन वर्षं पदराखाली बाळगलीस. दवाखान्यातून आता घरी न्या म्हणाले होते. लोकांना दवाखान्यात पाठवण्यासाठी ग्रहांना खोटं बोलायला लावणारी तू! मला राग आला. आल्या आल्या पहिलं वाक्य मी रागानंच बोलले.

"काऊन नाई सांगितलं कोणाले?"

"कोणाले सांगू?" तू म्हणालीस.

ह्यात टोमणा नव्हता. तू खरंच विचारत होतीस. मी चुलीकडे वळले आणि उगाच चहा मांडला.

तीन महिने मी तुझ्याजवळ होते. मधे शाळा, मधे रजा. आपण बियाण्याबद्दल बोललो, मुलींबद्दल बोललो. एका दुपारी मी धीर करून विचारलं, "सत्तर कोठून आणले होते तू?"

तू हसलीस. हसताना दुखायचं तुला. "तुह्या सासूचं वय. समोर बसली होती, तेच तोंडात आलं."

"आन पत्रिकेत काय होतं?"

तू बोटानं फडताळ दाखवलंस. सर्वांत खाली ते लाल कापड होतं. मी बांधलेली गाठ तशीच होती.

"आजवर नाई उघडली?"

"कशी उघडू, नलू? वाईट दिसलं असतं तर माह्या तोंडून सत्तर निघाले नसते. आन चांगलं दिसलं असतं तर मीई तुह्यासारखीच घरी बसून राह्यली असती."

म्हणजे तूही मानत होतीस. आयुष्यभर मी तुझ्याशी शनीवर भांडले ते तुला अंधश्रद्ध समजून. मग मला वाटायला लागलं होतं की तू आतून मानतच नव्हतीस, फक्त वापरत होतीस. दोन्ही खोटं. तू मानत होतीस आणि म्हणूनच त्याला हात लावायला भीत होतीस. मी मानत नव्हते आणि भीती वाटली त्या पहिल्या दिवशी त्याच्या पायाशी जाऊन बसले. ह्यावर आपलं बोलणं व्हायचं राहिलं. मी म्हटलं, उद्या बोलू. तुला ग्लानी येत होती.

आणि माफी. तीही राहिली. रोज ठरवायचे. पण मला ठाऊक होतं, तू लगेच "जाऊ दे" म्हणशील, आणि मग ते जाईल. एवढ्या सहज ते जावं असं मला वाटत नव्हतं. मी चांगला शब्द शोधत राहिले आणि एका सकाळी, मी चहा गाळत असताना, तू गेलीस. मी कप घेऊन आले आणि दोनदा हाक मारली.

काल सकाळी मी वांगी तोडत होते तेव्हा एक बाई बांधावरून आली. सेलूच्या पलीकडच्या खेड्यातली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत पत्रिका. "सुभद्राताई हायेत का?" तिला काहीच माहीत नव्हतं, ना माझं बोलणं, ना तुझं जाणं. कधीकाळी तिच्या आत्याला तू तेरा शनिवार सांगितले होतेस म्हणे. मी सांगितलं, ताई वारली. ती डोक्याला हात लावून बांधावरच बसली.

"मंग आता कोणाले दाखवू?"

"काय होऊन राह्यलं?" मी विचारलं.

नवऱ्याला तीन आठवडे ताप. खोकल्यात रक्त. सासरा म्हणतो, अमावास्या जाऊ द्या, मग बघू.

"तुमी कोण त्याईच्या?"

"बहीण."

"तुमाले येते का पाहता?"

मी हात पुसले आणि पत्रिका घेतली. बारा घरं, आकडे, अक्षरं. त्यातलं मला काही म्हणता काही कळत नाही. तरी मी पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हटलं, "आयुष्य चांगलं हाये. पण अमावास्येची वाट पाहू नोका. उद्या सकाळी दहाच्या आत त्याईले वर्ध्याच्या दवाखान्यात पोचवाव लागन. उशीर झाला तर योग जाते. सासऱ्याले सांगजो, केळझरच्या ताईच्या बहिणीनं सांगितलं."

ती उठली. दोन पावलं गेली आणि वळली. "वाचतीन ना जी?"

ह्या प्रश्नापुढं तू कशी उभी राहिली असशील, ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "हो."

तिचा नवरा वाचेल की नाही, मला माहीत नाही. नाही वाचला तर ती माझ्या नावानं ओरडेल, आणि तिला तो हक्क आहे. मी तिच्या गावाचं आणि घराचं नाव नीट विचारून घेतलं आहे. रविवारी जाणार आहे मी तिच्याकडे, काहीही झालेलं असलं तरी.

तुझी,
नलू